माल एकत्र, निर्णय आपापला

गावच्या सोसायटीच्या गोदामात धान्य ठेवायचं तर प्रत्येकाचा माल वेगळा राहिला पाहिजे, हे माझं अनेक वर्षांचं मत होतं. ज्याची पोती त्याची थप्पी, प्रत्येक थप्पीवर नावाची चिठ्ठी, आणि नेताना तीच पोती त्याच शिलाईसकट परत. वार्षिक सर्वसाधारण सभेत सचिवांनी ‘प्रत बघून माल एकत्र ठेवू’ असा विषय काढला की विरोधाचा पहिला आवाज माझा असायचा. आज मी दुसऱ्या बाजूला उभा आहे. हरभरा, तूर, सोयाबीन हा विकायचा माल गोदामात प्रतवार एकत्रच ठेवावा, असं मला ठामपणे वाटतं. सभेत माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ज्यांनी हात वर केले, त्यांना हे मत का बदललं ते मी नीट सांगायला हवं.

आधी जुन्या मताबद्दल. त्याला कारणं होती आणि ती आजही मला हलकी वाटत नाहीत.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. जुन्या माळवदाच्या घरांत धान्यासाठी बळद असायचं. वरून भरायचं आणि लागेल तसं खालच्या तोंडातून काढायचं. काही वाड्यांत पेव होतं, लहान घरांत शेणानं लिंपलेली कणगी. धान्य घरात आहे म्हणजे ते आपलं आहे, याच समजुतीत आम्ही वाढलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं ती घरं गेली. पुनर्वसनात जमीनधारणेच्या प्रमाणात २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. माणसांना छप्पर मिळालं, पण धान्याची जागा गेली ती गेलीच. तुरीचे कट्टे पलंगाखाली आणि हरभऱ्याचे ओसरीत, अशी वर्षं आम्ही काढली. मग सोसायटीचं गोदाम वापरात आलं. धान्य घराबाहेर जाणार हे मनाला पटवायलाच वेळ लागला. ते जाणारच असेल तर निदान माझ्या नावानं वेगळं उभं राहू दे, एवढंच मागणं होतं.

दुसरं कारण कापसाचं. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावर द्यायचा, ग्रेड तिथं ठरायचा, सगळा कापूस एकत्र व्हायचा आणि चुकारा हप्त्यांनी यायचा. त्या योजनेनं पडत्या बाजारात शेतकऱ्याला आधारही दिला. पण ग्रेडवरून होणारे वाद आणि लांबणारे चुकारे यांच्या कहाण्या ऐकतच मराठवाड्यातली माझी पिढी मोठी झाली. माल एकदा सार्वजनिक ढिगात गेला की त्याची प्रत दुसरा ठरवतो, भाव दुसरा ठरवतो आणि पैसे कधी मिळणार तेही दुसराच ठरवतो, अशी खूणगाठ मनात बसली होती.

तिसरं कारण अभिमानाचं, आणि ते मी लपवत नाही. आमच्या घरचा हरभरा दोनदा चाळणीतून निघतो. काडीकचरा, खडा, चिमलेला दाणा वेगळा होतो. ऊन देऊन, दाणा दाताखाली कडक वाजल्याशिवाय आम्ही कट्टा शिवत नाही. याच गावात असेही लोक आहेत जे मळणीयंत्राखालचा माल मातेऱ्यासकट भरतात. त्यांचा आणि माझा हरभरा एका थप्पीत जावा, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

मत बदलायला सुरुवात झाली ती गोदामाच्या आतच. आमचं गोदाम शंभर टनी. अशी लहान गोदामं राज्यभरातल्या सोसायट्यांकडे आहेत. त्यांतली बरीच राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या मदतीतून उभी राहिली. शंभर टन म्हणजे एक हजार क्विंटल, पन्नास किलोचे दोन हजार कट्टे. पण तेवढा माल आमच्या गोदामात कधी मावलाच नाही. कुणाच्या पंधरा कट्ट्यांची थप्पी, कुणाच्या तीसची. प्रत्येक थप्पीभोवती माणूस फिरेल एवढी वाट हवी, भिंतीपासून अंतर हवं, खाली लाकडी फळ्या हव्यात. निम्मी जागा वाटांतच जायची. आणि रोज कुणीतरी यायचं. कुणाला लग्नासाठी चार कट्टे विकायचे, कुणाला दवाखान्यासाठी दोन. दार सतत उघडं, हवा सतत आतबाहेर.

ज्याला धान्य राखायचं आहे त्याला हे चालत नाही. कडधान्याचा खरा शत्रू भुंगा. मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते. नीट पाहिलं तर पांढरे ठिपके दिसतात. अळी आत शिरते, दाणा आतून पोखरते आणि गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. उन्हाळ्याच्या उबेत हे सगळं महिन्याभरात उरकतं. तुरीत तर अंडी शेतातूनच, शेंगेवरून येतात. एकदा कीड लागली की उपाय एकच, धुरी. थप्पीवर हवाबंद ताडपत्री टाकायची, कडेनं वाळूच्या लांबट पिशव्या दाबायच्या आणि आत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवायच्या. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू दाण्यातल्या अळीपर्यंत पोचायला साधारण आठवडाभर थप्पी बंद राहावी लागते. हे काम प्रशिक्षित माणसाचं आहे. झोपायच्या खोलीत धान्यात ती गोळी टाकून माणसं जिवाला मुकल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरापेक्षा गोदाम बरं, याचं माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं कारण आहे.

पण वीस मालकांच्या वीस लहान थप्प्यांना धुरी द्यायची कशी? एकाला आज माल न्यायचा असतो, दुसऱ्याला गोळीचा खर्च द्यायचा नसतो, तिसरा म्हणतो माझ्या मालाला कीडच नाही. एका उन्हाळ्यात शेजारच्या थप्पीतल्या हरभऱ्याला भुंगा लागला. मालक परगावी होता. सचिवांना त्याच्या परवानगीशिवाय हात लावता येईना, कारण नियम आम्हीच करून ठेवलेला, ज्याची थप्पी त्याचा निर्णय. पावसाळ्याच्या तोंडावर मी माझ्या कट्ट्यात हात घातला तेव्हा आत ऊब लागली. मूठ बाहेर काढली तर बोटांना पिठासारखी भुकटी आणि दहा दाण्यांत दोनतीन दाणे भोकाचे. दोनदा चाळलेला, कडक वाळवलेला माझा हरभरा, माझ्या नावाची चिठ्ठी लावलेला. त्या वेळी मला दिसलं की एका छपराखाली माल वेगळा ठेवणं ही कागदावरची गोष्ट आहे. हवा एक, ओल एक, कीड एक. धोका आम्ही आधीच वाटून घेतलेला होता. काळजी तेवढी वाटून घेतलेली नव्हती.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. लातूर आणि उदगीर या डाळमिलच्या पेठा. मिलवाल्याला एका प्रतीचा, एका रंगाचा, ट्रक भरेल एवढा माल लागतो. निदान शंभर-दीडशे क्विंटल. एका मिलचे खरेदीदार आमच्या गोदामात तूर बघायला आले होते. एका थप्पीत बीडीएन ७११ ची पांढरी तूर, पलीकडे बीएसएमआर ७३६ ची लाल, तिसरीत दोन्हींची मिसळ. कुठे ओलावा जास्त, कुठे डाळीचे तुकडे. त्यांनी मुठी भरभरून पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाले, “माल चांगला आहे हो, पण मी वीस जणांशी वीस भाव बोलत बसू का?” ते निघून गेले. आम्ही तोच माल पुढे भाडं भरून बाजार समितीत नेला. तिथं अडत, हमाली, तोलाई हे सगळं कापून घेतलं आणि अडत्याच्या ओट्यावर आमचा माल शेवटी एकत्रच झाला. फरक एवढाच की एकत्र करण्याचा फायदा तिथं व्यापाऱ्याला मिळाला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. नवरा नाही, जमीन दीड एकर. हंगामात चार-पाच कट्टे हरभरा होतो. तो त्या दरवर्षी खळ्यावरच, गावात टेम्पो घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याला देतात. मी एकदा त्यांना म्हटलं, “मावशी, सोसायटीत ठेवा की, एवढी घाई कशाला?” त्या म्हणाल्या, “माझ्या चार कट्ट्यांची काय थप्पी लागंल, भाऊ? पंधराच्या खाली घेत न्हाईत म्हणं.” तसा नियम खरंच होता. इतक्या लहान थप्प्या परवडत नाहीत म्हणून संचालक मंडळानं किमान पंधरा कट्ट्यांची अट घातली होती. वेगळेपणाचा आग्रह आमच्यासारख्यांचा आणि त्याची किंमत मावशींसारख्यांनी भरायची. ज्याला थांबणं सर्वांत जड जातं, त्याच्यासाठीच सहकारी गोदाम असावं, हे मी भाषणांत सांगत आलो. आणि ज्या व्यवस्थेची मी बाजू घेत होतो, तीच त्यांना दाराबाहेर ठेवत होती.

मग मी दुधाकडे पाहू लागलो. आमच्या घरचं दूध रोज सकाळी संकलन केंद्रावर जातं आणि सगळ्यांच्या दुधात मिसळतं. माझं दूध वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, असं मी कधीच म्हटलं नाही. का? कारण मिसळण्याआधी माझ्यासमोर फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, पावती निघते आणि पैसे त्या मोजमापावर मिळतात. पाणी घालणाऱ्याचं नुकसान त्याचं त्यालाच होतं, माझं होत नाही. धान्यात मला मिसळण्याची भीती वाटत होती. खरी अडचण मिसळण्याची नव्हती, दारात मोजमाप नसण्याची होती.

धान्यात फॅटच्या जागी काय मोजायचं, हा प्रश्न घेऊन मी हिशोबाला बसलो. सर्वांत मोठी गोष्ट ओलावा. बारा टक्के ओलाव्याचा एक क्विंटल हरभरा घेतला तर त्यात कोरडा भाग ८८ किलो. तो गोदामात वाळून दहा टक्क्यांवर आला की वजन उरतं सुमारे ९७ किलो ८०० ग्रॅम. क्विंटलमागे जवळजवळ सव्वादोन किलोंची घट. साडेपाच हजारांचा भाव धरला तर क्विंटलमागे सव्वाशेच्या आसपास रुपये. आता माझा हरभरा दहा टक्क्यांचा आणि शेजाऱ्याचा बारा टक्क्यांचा, दोघांच्या नावावर क्विंटल-क्विंटल लिहिला आणि माल एकत्र केला, तर त्याच्या पाण्याचे पैसे मी भरतो. माझा विरोध याच अन्यायाला होता आणि तो विरोध आजही कायम आहे. पण उपायही याच हिशोबात आहे. गोदामात दहा टक्के ओलावा प्रमाण मानायचा आणि प्रत्येकाचं वजन त्या प्रमाणावर आणून लिहायचं. बारा टक्क्यांच्या क्विंटलला ९७ किलो ८०० ग्रॅमची नोंद. नऊ टक्क्यांच्या क्विंटलला १०१ किलो १०० ग्रॅमची. म्हणजे जो जास्त वाळवून आणतो त्याच्या कष्टाची पावतीवर नोंद होते. वेगळ्या थप्पीत मला हे कधीच मिळालं नव्हतं. तिथं माझी मेहनत माझ्या चिठ्ठीखाली उभी होती, पण तिचा दाखला कुठल्याही कागदावर नव्हता.

गेल्या हंगामात आम्ही काही जणांनी फक्त हरभऱ्यापुरता हा प्रयोग करून पाहिला. दारातली पद्धत अशी ठेवली. गाडी आली की वरच्या, मधल्या आणि तळाच्या कट्ट्यांत परखी खुपसायची. परखी म्हणजे टोकदार, पन्हळीची लोखंडी नळी. शिलाई न उसवता आतला दाणा बाहेर येतो. सगळा नमुना कापडावर ओतून ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढून टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत थोडका नमुना उरतो तो सगळ्या मालाचा खरा नमुना असतो. त्यातला मूठभर ओलावा मोजायच्या यंत्रात. शंभर ग्रॅम पांढऱ्या ताटलीत पसरून बोटांनी निवडायचे: खडा-माती एकीकडे, चिमलेले आणि हिरवे दाणे दुसरीकडे, फुटके तिसरीकडे, भोकाचे चौथीकडे. प्रत्येक वाटणी छोट्या काट्यावर. जेवढे ग्रॅम तेवढे टक्के. उरलेल्या नमुन्याच्या तीन पिशव्या, तिन्हींवर लाख: एक शेतकऱ्याकडे, एक सोसायटीकडे, एक वाद झाला तर दुसरीकडे तपासायला.

हे सगळं मालकाच्या डोळ्यांदेखत होतं. पहिल्याच आठवड्यात एक तरुण शेतकरी ताटलीकडे बघत म्हणाला, “एवढे चिमले? मला वाटलं आपला माल एक नंबर आहे.” तो रागावला नाही. कट्टे परत नेले, चाळणी मारली, पुन्हा घेऊन आला. बाजारात अडत्या मूठ भरतो आणि एक आकडा बोलतो. तो आकडा कशावरून आला हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही. इथं त्याला आपल्या मालाचं नेमकं काय कमी पडतं ते ग्रॅममध्ये दिसलं. दाणा सुधारायचा तर आधी तो असा दिसावा लागतो.

मावशींचे चार कट्टे त्या दारातून आत गेले. पहिल्या प्रतीत बसले. किमान पंधरा कट्ट्यांची अट आपोआप निकालात निघाली, कारण आता थप्पी प्रतीची होती, माणसाची नव्हती.

कापसाच्या योजनेची भीती मात्र मनात शिल्लक होती. तिचं उत्तर मला एका फरकात सापडलं. माल एकत्र करणं वेगळं आणि निर्णय एकत्र करणं वेगळं. एकाधिकार योजनेत दोन्ही एकत्र झालं होतं. आपल्या गोदामात तसं करायची गरज नाही. माझ्याकडे पावती आहे: पहिल्या प्रतीचा इतका क्विंटल हरभरा. कधी विकायचा, किती विकायचा, किमान कोणत्या भावाला विकायचा, हे मी लिहून देणार. त्या दिवशी विकू इच्छिणाऱ्यांचा मिळून ट्रक भरला की सोसायटी मिलवाल्याशी बोलणार. मला विकायचं नसेल तर माझा वाटा थप्पीत राहणार. माझं पोतं परत मिळणार नाही हे खरं. पण माझ्या प्रतीचं, माझ्या वजनाचं धान्य मागेन तेव्हा मिळेल.

कायद्यालाही ही कल्पना नवी नाही. २००७ च्या गोदाम विकास व नियमन कायद्यात एकाच जातीचा आणि प्रतीचा माल ठरवून एकत्र साठवण्याची सोय आहे. अशा साठ्यात पावतीवरच्या वजनाच्या प्रमाणात प्रत्येकाची मालकी राहते. याच कायद्याखाली २०१० मध्ये गोदामांचं नियामक प्राधिकरण आलं, आणि २०१७ पासून कागदी वखार पावतीच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक पावती सुरू झाली. आपलं गोदाम त्या प्राधिकरणाकडे नोंदवलं तर पावतीवर बँक कर्ज देऊ शकते. बाजार समित्यांमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तर १९९०-९१ पासून आहे. तिच्यात तूर, हरभरा, सोयाबीनला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळते. सहा हजारांच्या क्विंटलवर साडेचार हजार उचलले आणि चार महिने वापरले तर व्याज होतं नव्वद रुपये. मुलांची फी, बियाणं, औषधपाणी यांसाठी माल विकायची वेळ येते तेव्हा हे नव्वद रुपये फार मोठं काम करतात. पण तारणाला लागतो मोजलेला, प्रत ठरलेला, कीड नसलेला माल. म्हणजे पुन्हा दारातलं मोजमाप.

भावाबद्दल मला इथं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण या विषयावरची माझी भाषा पूर्वी सैल होती. ‘थांबा, भाव येतो’ असं मी सर्रास म्हणत असे. आता म्हणत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये हरभरा ५,३३५ रुपयांच्या हमीभावाखाली होता आणि सणासुदीच्या तोंडावर वर गेला. ज्यांनी ठेवला त्यांचं भलं झालं. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांना शिवलेलं सोयाबीन पुन्हा येईल म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं ठेवलं, त्यांना २०२४ च्या हंगामात ४,८९२ चा हमीभावही बाजारात दिसला नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात अकरा हजारांपुढे असलेली तूर २०२५ च्या सुरुवातीला नवा माल येताच हमीभावाच्या पातळीला आली. आयात, साठामर्यादा, वायदेबंदी हे सगळं आपल्या गोदामाच्या दाराबाहेर ठरतं. गोदाम भाव देत नाही. खळ्यावर पडेल त्या भावात विकायची सक्ती ते काढून घेतं, मालाची प्रत टिकवतं आणि आपल्याला ट्रकभर मालाचे मालक म्हणून बोलायला उभं करतं. एवढं पुरेसं आहे, आणि एवढंच सांगून लोकांना बोलवावं. म्हणून मी आता माल एकदम विकत नाही आणि सगळा थांबवतही नाही. तीन वाटे करून, अंतरानं विकतो. दुसऱ्यांनाही तेच सुचवतो.

सगळंच एकत्र करा असं मात्र मी म्हणणार नाही. घरची खायची ज्वारी घरीच. मालदांडीची चव ज्यानं त्यानं आपल्या रानातून घ्यावी. बियाणं तर कधीच एकत्र नको. सोयाबीनचं साल इतकं नाजूक की कट्ट्यांचे थर उंच गेले किंवा पोतं आपटलं तरी उगवण कमी होते. ते ज्याचं त्यानं, वाणाच्या नावानिशी, वेगळं आणि जपूनच ठेवावं. पांढरी आणि लाल तूर एका थप्पीत जाऊ नये. डाळीला दोन्हींचा भाव वेगळा असतो.

आणि एक आक्षेप असा आहे की तो घेणाऱ्याला मी अजूनही मान देतो. वेगळ्या थप्पीतले दोन कट्टे गेले तर लगेच दिसतं, एकत्र थप्पीतले वीस गेले तरी दिसत नाही. हा धोका खरा आहे. सोसायट्यांच्या राजकारणात गट असतात, निवडणुका असतात, आणि चेअरमनच्या मर्जीतला माल ‘पहिल्या प्रतीत’ बसण्याची शक्यताही असते. म्हणून माझं बदललेलं मत अटींसकट आहे. नमुना काढणारा आणि प्रत ठरवणारा माणूस संचालक नसावा, संचालकाचा नातेवाईक नसावा. काटा दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळलेला असावा. गोदामाच्या बाहेर फळा असावा: प्रत्येक प्रतीत आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. दर महिन्याला सभासदांतून चिठ्ठी टाकून दोन जण निवडावेत आणि त्यांनी कट्टे मोजून फळ्याखाली सही करावी. सभासदाच्या लेखी सूचनेशिवाय एक दाणा विकला जाऊ नये. आग, पूर, चोरी यांचा विमा पावती देण्याआधी असावा.

गोदामं आता नव्यानं बांधली जात आहेत. सहकारी संस्थांमध्ये धान्य साठवणुकीच्या मोठ्या योजनेला केंद्रानं ३१ मे २०२३ रोजी मंजुरी दिली, आणि २४ फेब्रुवारी २०२४ रोजी अकरा राज्यांतल्या अकरा सोसायट्यांच्या गोदामांचं उद्घाटन झालं. त्यात आपल्या राज्यातली अमरावती जिल्ह्यातली नेरपिंगळाईची सोसायटी आहे. कर्ज, साठवण आणि विक्री एकमेकांना जोडली पाहिजेत, हे ग्रामीण पतपाहणी समितीनं १९५४ च्या अहवालातच सांगितलं होतं. त्यानंतर १९५७ मध्ये राज्य वखार महामंडळ आलं, गावोगावी सोसायट्यांची गोदामं आली. अनेक गावांत त्या गोदामांत आज फक्त खताची पोती असतात. पत्रे आणि भिंती पैशानं उभ्या राहतात. दारात मोजमाप आणि आत विश्वास हे सभासदांनाच उभं करावं लागतं, आणि ते नसेल तर तीन हजार टनांचं गोदामसुद्धा आमच्या शंभर टनी गोदामासारखंच निम्मं रिकामं राहील.

येत्या सर्वसाधारण सभेत हरभऱ्याबरोबर तूर आणि सोयाबीनही प्रतवार एकत्र साठवण्याचा ठराव येणार आहे. तो मी स्वतः मांडणार आहे, वर लिहिलेल्या सगळ्या अटी ठरावात शब्दशः घालून. अटी गाळून ठराव पुढे आला तर मी विरोधात मत देईन आणि त्याची कारणंही सभेत सांगेन. अटींसकट मंजूर झाला तर माझा दोनदा चाळलेला हरभरा दारात सर्वांत आधी मोजायला आणीन. त्या थप्पीवर माझं नाव नसेल, याची थोडी रुखरुख मला वाटेल. पण पावतीवर माझं वजन असेल, ताटलीत माझी प्रत दिसलेली असेल आणि त्याच थप्पीत मावशींचे चार कट्टे माझ्याच भावानं विकले जायला तयार असतील. माझ्या नावाच्या चिठ्ठीपेक्षा मला आज हे जास्त मोलाचं वाटतं.